समोरचा पांढरा रस्सा

विजयसिंहानं वाटी तोंडाला लावली, एक घोट घेतला आणि डोळे मिटले. मग दुसरा घेतला. तिसऱ्या घोटाला त्याला हसू आवरेना.

मटण. ज्या बाईच्या पाटीवर मटण नाही, अंडं नाही, दूध-दही-तूपसुद्धा नाही असं ठळक अक्षरात रंगवलं होतं, तिच्या पांढऱ्या रश्शात मटण उतरलं होतं. खानावळवाल्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाची जीभ ही, ती फसणार नव्हती. गावली एकदाची, तो मनात म्हणाला.

सहा महिने त्याच्या पोटात आग होती. त्याची खानावळ वडिलांपासूनची. तांबडा-पांढरा ओरपायला तिथं रांग लागायची. गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या ह्या निशानं नेमका समोरचा गाळा घेतला आणि ‘व्हेगन भोजनालय’ अशी पाटी ठोकली. तेव्हा विजयसिंह पोट धरून हसला होता. दहा वर्षांपूर्वी ह्या गावात कुणी बिनदुधाचा चहा मागितला असता, तर घरात कोण गेलं, असं लोकांनी विचारलं असतं. इथली माणसं रस्त्यात म्हैस उभी करून धार थेट पेल्यात घेणारी. त्यांना ही बया काय विकणार, कडबा?

पण कडबा खपायला लागला. आधी कागलच्या एमआयडीसीतले साहेब लोक आले. मग डॉक्टरनं दूध-मटण तोडलेली शुगर-बीपीवाली मंडळी, मग जिमची पोरं आणि शेवटी गंमत बघायला गेलेली विजयसिंहाची जुनी गिऱ्हाइकं. ती परत म्हणून फिरकायची नाहीत. जो तो समोरच्या पांढऱ्या रश्शाचं कौतुक करायचा. वर तोंडावर सांगायचा, विजयदादा, तुमचा रस्सा अलीकडं पातळ लागतोय.

त्यानं काय करायचं बाकी ठेवलं नव्हतं. गवळ्याला सांगून तिच्या दारात म्हशी उभ्या केल्या, सांडपाण्याच्या तक्रारी केल्या. खाटकाला शिव्या घातल्या. केरबा हा त्याचा एकमेव आचारी, त्याचा तर रोज सकाळी उद्धार व्हायचा. उपयोग शून्य. भर दुपारी खानावळीत माश्या आणि तो. असंच चाललं तर पावसाळ्याच्या आत वडिलांच्या खानावळीला कुलूप लागणार, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. दोघांतलं एक दुकान मरणार होतं. म्हणून आज लाज गुंडाळून तो वैरिणीच्या टेबलावर येऊन बसला होता.

सगळी टेबलं भरलेली होती. त्यानं वाटी दाणकन आपटली.

“ताई, रस्सा कोण करतंय? बोलवा जरा त्यास्नी.”

निशा गल्ल्यावरून उठली. दारातलं शेण कुणामुळं धुवावं लागतं, हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं मान खाली घातली नाही. आतून बाळाबाईला हाक मारली. ही गडहिंग्लजकडची, लग्नाच्या पंगती रांधून हात बसलेली. पांढऱ्या रश्शासाठी निशानं तिला मुद्दाम शोधून आणली होती.

ह्यात काय काय पडतं, असं विजयसिंहानं विचारलं.

“खोबऱ्याचं दूध, तीळ, खसखस, आलं-लसूण,” बाळाबाई मोकळेपणानं म्हणाली, “आन् अळणी.”

बसलेल्यांचे घास हातात थांबले. निशा मात्र ठामपणे म्हणाली, “हो, अळणीच. मीच सांगितलंय तसं. आमच्याकडे सगळं अळणीच असतं. मीठ ज्यानं त्यानं वरून घ्यावं.”

विजयसिंहानं वाटी तिच्यापुढं सरकवली.

“ताई, तुमच्या पुण्यात अळणी म्हंजे बिनमिठाचं. कोल्हापुरात अळणी म्हंजे मटण शिजवल्यालं पाणी.”

निशा पांढरीफटक पडली. तिनं बाळाबाईकडं बघितलं. बाळाबाईला आपलं काय चुकलं तेच कळेना. तिचं म्हणणं एवढंच, की ताईंनी पहिल्या दिवशी दोन गोष्टी बजावल्या होत्या. मटणाचा तुकडा दिसता कामा नये आणि रस्सा अळणी हवा. तुकडा तिनं कधी पडू दिला नव्हता.

एक बाई तोंडाला पदर लावून मोरीकडं धावली. खुर्च्या सरकल्या, शिव्या सुटल्या. जन्मात निशानं मांसाला बोट लावलं नव्हतं आणि हा रस्सा ती दोन्ही वेळा भाताबरोबर जेवत होती.

विजयसिंहानं तिथंच उठून जायला हवं होतं. पण सहा महिन्यांची आग एवढ्यानं कुठली विझते. हे दार पुन्हा उघडता कामा नये, असं त्याला वाटत होतं. निघालेल्या गिऱ्हाइकांना त्यानं हात आडवा केला.

“थांबा पावणं, सगळं ऐकून जावा. बाई, हितं मटण येत न्हाय, खाटीक येत न्हाय. मग रोजचं अळणी येतंय कुठनं? नाव घ्या, सगळ्यांदेखत.”

बाळाबाईनं पदर सारखा केला.

“तुमच्याकडनंच की, दादा. तुमचं आचारी म्हंजे माझं घरचं मालक. पयल्या उकळीचं समदं अळणी रोज सकाळी माझ्या पातेल्यात वतत्यात, आन् तुमच्या गिऱ्हाइकास्नी तीच हाडं पुन्ना पाण्यात उकळून घालत्यात.”