दहा दिवसांचं क्योतो

“तिसऱ्या दिवशी बांबूचं बन नको,” आई पडल्या पडल्या म्हणाली. “आदल्या दिवशी कमानींची टेकडी चढलेली असशील. पायांचे तुकडे पडतील.”

ताईने जपानच्या सहलीच्या वहीत खाडाखोड केली. बांबूचं बन चौथ्या दिवसावर गेलं. तिसऱ्या दिवशी सोनेरी मंदिर, आणि दुपारी तिथल्या एका जुन्या देवळाशेजारी टोफूचं जेवण.

“टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीरच ना? एवढ्या लांब जाऊन पनीर खाणार?”

“बारा प्रकारांनी करतात म्हणे.”

“मग बाराही खा. माझ्या वाटणीचेसुद्धा.”

दोघी हसल्या. या घरात एवढं हसू बऱ्याच दिवसांनी ऐकू आलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून ताईने कवळ्यांचं काम घरीच आणलं. दातांचे डॉक्टर साचे पाठवायचे, पुढच्या खोलीत बसून ती दात बसवायची, घासायची, चकाकवायची. “निम्मं गाव माझ्याच दातांनी माझ्याबद्दल बोलतं,” असं ती म्हणायची. बोलायला कारणही होतं. एक स्थळ तिच्यासाठी दोन वर्षं थांबलं, आणि मग थांबायचं थांबलं. धाकटा भाऊ लग्न करून दुसऱ्या शहरात गेला. तो वर्षातून दोनदा यायचा, आईच्या उशाशी तासभर बसायचा आणि जाताना “ताई, तू आहेस म्हणून” एवढं म्हणायचा. वाक्य पुरं कधी झालं नाही.

सहलीचं आईनेच काढलं होतं. ताईला दोन दिवस समुद्रावर जाऊन यायचं होतं, बस. पण आई पडली भूगोलाची मास्तरीण.

“जायचं तर नीट लांब जा,” ती म्हणाली. “दोन दिवसांत काय, चपलेत वाळू जाईल तेवढीच. दहा दिवस जा.”

“आणि तुझं?”

“धाकट्याला बोलाव. माझ्या पोटचाच आहे ना तो? चुकेल, सांडेल, शिकेल.”

त्या दिवसापासून आईचा नूरच पालटला. डाव्या हाताने पाटीवर अक्षरं गिरवू लागली. जुन्या ओळखीच्यांना फोन लावू लागली. पुढच्या खोलीत दात घासायचं यंत्र घरघरत असताना ताईला आतून आईचा शाळेतला, खणखणीत आवाज ऐकू यायचा. ताईला वाटलं, जाणार मी आणि हुरूप आलाय हिला. विमान किती वाजता सुटतं, कधी उतरतं, परत येणार ते सकाळी की संध्याकाळी, सगळं आईला तोंडपाठ झालं.

ताईच्या मनात एकच काटा होता. निघायच्या आदल्या दिवशी आईचं अंग पुसताना तिने तो बोलून दाखवला.

“आई, तो घराचा विषय काढेल. मागच्या खेपेला भिंतींना टकटक करून बघत होता.”

“ओल आलीय का बघत असेल.”

“काही कागद पुढे केला तर सांग, ताई आल्यावर बघू.”

“मी काय कुक्कुलं बाळ आहे?” आईने डाव्या हाताने तिचा गाल धरला. “वेडी कुठली. पाचव्या दिवशीचं रात्रीचं जेवण ठरलं का? ते एकामागून एक चौदा पदार्थ वाढतात ते?”

“ते फार महाग आहे गं.”

“मग काय झालं? जाऊनच ये. पुन्हा कोण पाठवणारेय तुला?”

ताईचे डोळे भरून आले. तिने पंचा पिळला आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा आला. ताईने त्याला औषधांच्या वेळा दाखवल्या, कुशीवर कसं वळवायचं ते दोनदा करून दाखवलं. तो मान डोलावत राहिला. तिच्याकडे सरळ बघत मात्र नव्हता. तिचा काटा आणखी खोल गेला. टॅक्सी दाराशी आली तेव्हा ती बॅग ठेवून परत आत आली.

“नाही जात मी.”

“जा म्हणते ना!” आईचा आवाज चढला, मग मऊ झाला. “जा बाळा. माझ्यासाठी जा.”

ताई गेली. टॅक्सी वळेपर्यंत धाकटा दारात उभा होता. मग आत येऊन तो पलंगाजवळच्या खुर्चीत बसला.

“गेली?” आईने विचारलं.

“गेली.”

“सोमवारी अकराला घर घेणारे येतील. खरेदीखत नोंदवायला निबंधकाचा माणूस घरीच येणारेय, फोन करून सगळं पक्कं केलंय मी. तिचं सामान भाड्याच्या खोलीत हलवायला टेम्पो सांगून ठेव.”

धाकटा खाली बघत राहिला. “आई, मी काही मागितलं नव्हतं गं तुझ्याकडे.”

“तू कशाला मागशील? घर विकून मोठी जागा घे, त्यात मला एक खोली दे. मला लेकाच्या घरी मरायचंय.”

“आणि ताई?”

“तिच्या हातात कसब आहे. दात काय, कुठेही बसून बसवता येतात.”

“निदान फोन तरी करू का तिला? अजून विमानतळावरही पोचली नसेल.”

“मुळीच नको.” आईने डावा हात त्याच्या मनगटावर ठेवला. “अकरा वर्षांत त्या पोरीने एक घास गरम खाल्ला नाही. दहा दिवस सुखाने जेवू दे तिला.”