चौदा माद्या

"सगळ्या माद्याच आहेत, मावशी," भिंगावरून डोळा काढत संशोधक पोरगी म्हणाली. मी गावतळ्यातून धरून दिलेले चौदा पाणकिडे तिच्यापुढे होते. "जात नवी वाटते. पण नर तपासल्याशिवाय तिला नाव देता येत नाही."

"पाठीवर अंडी असलेल्या वीसेक मी सोडून दिल्या," मी म्हणाले. "लेकुरवाळीला धरायचं नाही, ही आम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांची रीत. तुझ्या आईला कुणी बाटलीत कोंबलं असतं तर?"

ती हसली नाही. "यांच्यात मादी नराच्या पाठीवर अंडी घालून निघून जाते. पिल्लं निघेपर्यंत बाप ती वाहतो. तुम्ही सोडलेत ते नर होते."

मी ते सोडल्यावर आठवड्याच्या आत गाळ काढायला तळं उपसून कोरडं केलं होतं, आणि आसपासच्या दुसऱ्या कुठल्याच तळ्यात आम्ही हा किडा कधी पाहिला नव्हता.

"पण हे उडतात ना गं?" मी विचारलं. "दुसऱ्या पाण्यावर गेले असतील."

"माद्या गेल्या असतील," ती हळूच म्हणाली. "नरांच्या पंखांवरच अंडी चिकटलेली असतात, मावशी. पिल्लं निघाल्याशिवाय त्यांना पंख उघडता येत नाहीत."