दीड वाजताचे दोन सेकंद

१:३०. जेवलीस का?
१:३१. हो बाबा, जेवले.

दोन्ही व्हॉइस मेसेज. तिचा सव्वीस दिवसांपूर्वीचा. रोज तोच पुन्हा पाठवते. बाबांचा ती ऐकतही नाही. दोन सेकंदांची पट्टी दिसली की पुरे. आत काय आहे ते पाठ आहे.

नवरा बॅग भरून गेला त्याला महिना होत आला. बाबांना सांगितलेलं नाही. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. खरा आवाज ऐकला तर त्यांना कळेल. कळलं तर येतील. आले तर बोलावं लागेल.

फ्रिजमध्ये अर्धं लिंबू. खिडकी बंद, कारण पहिला मजला आणि खाली सुतार. त्याची करवत आधी दोनदा आचके देते, मग लांब किंचाळते.

आज १:२६. ऑफिसचा कॉल. ती मोबाइल नेटवर्क तपासते, हल्ली घरूनच.

"बाई, टॉवर फोनला सतत पाठवतो ते रेफरन्स सिग्नल निम्मे करून टाका. नुसती जागा अडवतात. निरोप काडीचा नाही."

"नाही चालणार, साहेब."

"अहो, फोनला ते तोंडपाठ असतात! पाठ असलेलं रोज काय पाठवायचं? मी बायकोलासुद्धा पाठवत नाही."

ती हसली नाही. वाचून दाखवावं तशी बोलली.

"पाठ असतात म्हणूनच. काय निघालं ते माहीत असतं. पोचताना त्यात जे मिसळलं ते वाटेतलं. ओळखीचं वजा करायचं, उरते ती वाट. वाट कळली की बाकीच्या निरोपाचा अर्थ लागतो."

"आणि वजा केलंच नाही तर?"

"मग सगळं पोचतं. कळत काही नाही."

१:३०. पट्टी आली.

"बाई? आहात ना?"

तिने कॉल बंद केला. पट्टीवर बोट ठेवलं.

जेवलीस का? मागे दोन आचके. मग लांब किंकाळी.

कालचा. दोन आचके, किंकाळी.

परवाचा. तेच.

ती मागे मागे गेली. पहिल्या चार मेसेजांत बाबांच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक होती. पाचव्यापासून करवत.

१:३४. तिने खिडकी उघडली.

खाली सुताराच्या बाकावर बाबा बसले होते. मांडीवर डबा, हातात फोन. सुताराने करवत थांबवली.

"काका, आज लेकीचं उत्तर नाही आलं?"

"येईल," बाबा म्हणाले. "तेच येईल."