उंदराची सुटली

प्रयोगशाळेतल्या त्या उंदराला अफूच्या पाण्याची अशी चटक, की तंद्रीत तो मांजरालाही दम देई म्हणे. ती चटक सुटावी म्हणून अश्लेषा त्याला महिनाभर एका मुळीचा अर्क पाजत होती. तिचा थोरला भाऊ त्याच नशेपायी व्यसनमुक्ती केंद्रात पडून होता.

आजही पिंजऱ्याला रोजच्या दोन बाटल्या टांगल्या. एकीत अफूचं पाणी, दुसरीत साधं. उंदीर तडक डावीकडे धावला नि गटागटा प्यायला लागला.

अश्लेषा मटकन खाली बसली. "अफूवरच गेला मेला."

"वेडाबाई, जागेची सवय लागू नये म्हणून बाटल्यांची रोज अदलाबदल करतो ना आपण?" सोबतची नसीम हसली. "डावीकडे काल अफू होती, आज साधं पाणी आहे."

अश्लेषानं डोळे पुसत भावाला फोन लावला. "दादा, उंदराची सुटली."

तो कितीतरी दिवसांनी हसला. "विचार बघू त्याला, फार कडू लागतो का गं तो अर्क?"