वगळलेला फोल्डर

“हा कोड आहे की दोरीवर वाळत घातलेले कपडे?”

भिंतीवरच्या पडद्याकडे बोट दाखवून त्याने विचारले. कोणी हसले नाही. तो टीमचा प्रमुख होता. समोर सगळे त्याला सर म्हणत, माघारी फूटपट्टी. परिचारिकांच्या पाळ्या लावणारा त्यांचा प्रोग्राम कितीतरी रुग्णालयांत चालत असे. तो ज्या फंक्शनल प्रकारच्या संगणकभाषेत लिहिला होता, तिच्यात मांडणीला मोकळीक फार, आणि ज्याने त्याने ती मनसोक्त घेतली होती. आज तिचा सोक्षमोक्ष लागायचा होता. फॉर्मॅटर बसवायचा होता. नियम एकदा लिहून दिले की तो सगळ्यांचा कोड आपोआप एका साच्यात बसवणार होता. नियम अर्थातच फूटपट्टी लिहिणार होता.

प्रत्येक नियम तो कोणाच्या ना कोणाच्या शेपटीवर पाय देऊनच लिहीत होता. ओळीची लांबी आखडली ती टीममधल्या दाढीवाल्यासाठी. “तुझी ओळ वाचायची तर माणसाने शिदोरी बांधून निघावं.” मग त्याने खिडकीशी बसलेल्या बाईंकडे मोर्चा वळवला. यादीतला स्वल्पविराम बाई ओळीच्या शेवटी न देता पुढच्या ओळीच्या आरंभी देत. त्यावरून त्याने त्यांना स्वल्पविरामबाई असे नाव ठेवले होते, आणि ते चिकटले होते.

“बाई, तुम्ही जेवायच्या आधीच ढेकर देता.”

“तसं लिहिलं की यादीच्या शेवटी भर घालताना आधीची ओळ बदलावी लागत नाही, सर,” बाई शांतपणे म्हणाल्या.

“हो का? मग जगच चुकलं म्हणायचं!” नियम लिहिला गेला. लॅपटॉप मिटताना त्याने सगळ्यांना बजावले, “ज्याला हे नियम जाचतील, त्याचा कोड आपल्या घरचा नाही. सवलत कोणालाही मिळणार नाही.”

सगळे जेवायला गेल्यावर त्याने फॉर्मॅटर साऱ्या कोडवरून फिरवला. इतरांच्या फायली सुतासारख्या सरळ झाल्या. मग त्याने स्वतःचा फोल्डर उघडला.

प्रोग्रामचा गाभा होता तो. कोणा एकीच्याच वाट्याला लागोपाठ रात्रपाळ्या येऊ नयेत, जिचे मूल आजारी आहे तिची सुटी कापली जाऊ नये, हे तिथे ठरत असे. प्रत्येक फंक्शनचे, म्हणजे एकेका कामासाठी लिहिलेल्या कोडचे, पर्याय त्याने एकाखाली एक मांडले होते. डावीकडे प्रसंग, उजवीकडे त्याचे उत्तर, आणि मधली बरोबरची चिन्हे एका उभ्या रेषेत. वर्षानुवर्षे, एकेक मोकळी जागा हाताने देत, लेकीची वेणी घालावी तशी त्याने ती रेषा राखली होती. फॉर्मॅटरने त्या मोकळ्या जागा फाजील समजून काढून टाकल्या होत्या. वेणी विस्कटली होती. उभी रेषा राखण्याची सोय त्या फॉर्मॅटरमध्ये नव्हतीच.

त्याने फोल्डर पूर्ववत केला. मग कोणत्या कोडला हात लावू नये हे जिथे फॉर्मॅटरला सांगायचे असते, तिथे या फोल्डरचे नाव घातले. वरखाली जी नावे होती, ती सगळी बाहेरून आणलेल्या, फुकट मिळणाऱ्या कोडची होती. त्याकडे त्याने लक्ष दिले नाही. कुंपण गाढवांसाठी होते, त्याच्यासाठी नव्हते.

पुढे कंपनी विकली गेली. नव्या मालकांचा तपासनीस आला. काय ठेवायचे, काय टाकायचे आणि टीम कोणाच्या हाती द्यायची, हे तो ठरवणार होता. त्याच खोलीत सगळे जमले. फूटपट्टी निश्चिंत होता. गाभा ज्याचा, टीम त्याची.

“कोड सुरेख आहे तुमचा,” तपासनीस म्हणाला. “एका हातानं लिहिल्यासारखा. एवढी शिस्त आम्हाला कुठे दिसली नाही.”

फूटपट्टीने मान किंचित झुकवली.

“फक्त हा एक फोल्डर.” पडद्यावर त्या उभ्या रेषा उमटल्या. “हा तुम्ही बाहेरच्या कोडबरोबर फॉर्मॅटरमधून वगळलाय. आम्हीही बाहेरचा कोड असाच वगळतो, म्हणून तुमच्या कामात तो धरला नाही. पाळ्या लावायला आमचा स्वतःचा गाभा आहे, तोच बसवू इथे. हा काढून टाकतो. चालेल ना?”

दाढीवाला टेबलाकडे बघत राहिला.

“बाहेरचा नाही तो,” खिडकीशी बसलेल्या बाई म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता. तेच त्याला झोंबले. “सरांनी स्वतः लिहिलाय. इतकं चांगलं आमच्यापैकी कोणालाच जमणार नाही. टाकू नका.”

“असं? मग प्रश्नच मिटला,” तपासनीस खुशीत म्हणाला. “नियम यालाही लावतो आणि ठेवून देतो. पण सर, घरचाच होता, तर बाहेर का काढून ठेवलात?”

सगळ्यांच्या नजरा फूटपट्टीवर वळल्या. ‘माझा आहे’ एवढेच म्हणायचे होते. त्यापुढचे उत्तर मात्र या माणसांदेखत द्यावे लागले असते, आणि मग ती वेणी त्यांच्यादेखत सुटली असती. बाई त्याच्याकडे पाहत होत्या. पडलेल्या माणसाला हात द्यावा तशी त्यांची नजर होती.

“बाईंचा नेहमीसारखा घोटाळा झालाय,” तो ताठ मानेने म्हणाला. “बाहेरचाच आहे तो. काढून टाका.”