रुमालातले डूल

सायराकानच्या तरुणपणी सासूने येऊन तिच्या कानांत चांदीचे डूल घातले आणि लग्न ठरलं. त्यांच्यात अजूनही असंच ठरतं. तेच डूल रुमालात बांधून ती आठ वर्षं मुलाच्या होकाराची वाट पाहत होती.

“एर्मेक, जाऊ दे रे मला आयपेरीच्या घरी. आठ वर्षं नुसते फिरताय. एवढ्या वेळात मला तीन पोरं झाली होती!”

“आई, ते डूल-बिल जुनं झालं. मी स्वतः मागणी घालणार. इसिक-कुल तळ्याच्या काठी, कोमुझ वाजवणारे बोलावून. तिला सुगावा लागू नये म्हणून आठवडाभर तिचे फोनही घेत नाहीये.”

“अरे, पण तिला काही महत्त्वाचं सांगायचं असेल तर?”

“रविवारी सांगेल की!”

रविवारी सायराकान जर्दाळूच्या झाडामागे थांबली. म्हटलं, पोरगी हो म्हणाली की लगेच घालू, म्हणून तिने रुमालाची गाठही सोडून ठेवली. आयपेरी आली. कोमुझ वाजू लागले, एर्मेक गुडघ्यावर बसला. तेवढ्यात वाऱ्याने आयपेरीचे केस मागे उडाले.



तिच्या दोन्ही कानांत नवेकोरे डूल पाहून सायराकानने रुमालाची गाठ पुन्हा बांधली.