मीठ-मोहऱ्या

तापलेल्या तव्यावर मोहऱ्या तडतडल्या आणि दुपारच्या चिडीचूप घरात सासूबाईंची खात्रीच पटली.

"बघ सुवर्णा, केवढी दृष्ट होती पोरीला. त्या बांधकामावरच्या भागीबाईचीच. काल नळावर आली तेव्हा मोहिनीच्या गालावरून हात फिरवत होती. हरसूलकडची डोंगरातली माणसं ती, त्यांचं काय सांगावं? आजपासून तिला फाटक उघडायचं नाही."

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. भागीबाईच होती, कडेवर रिकामा हंडा घेऊन.

"ताई, माझ्या बारक्या सोमाला परवापासून ताप हाय. डोक्यावर पट्टी ठेवाया तांब्याभर तरी पानी द्या."

सुवर्णाने वळून सासूबाईंकडे पाहिलं. मग खालमानेने, "आज नळाला पाणीच आलं नाही," एवढं बोलली आणि दार लावून घेतलं.

मोहिनीचं अंग अजून चटका बसावा तसं तापलेलं होतं. सुवर्णाने तिला मांडीवर घेतलं, कपाळावरची पट्टी भरल्या बादलीत बुडवून हलकेच पिळली आणि तिची आवडती गोष्ट सुरू केली. एक होती चेटकीण. ती गावाबाहेर राहायची. तिची नजर पडली की लेकरं आजारी पडायची, म्हणून गावाने तिला विहिरीवर यायची बंदी केली.

मोहिनीने जड डोळे उघडले.

"आई, चेटकिणीचं बाळ आजारी पडलं, तर त्याला कोणाची नजर लागलेली असते?"